एका दिवसाचा फरक

माझी भाची पुण्यातल्या एका मोठ्या इस्पितळासाठी काम करते. इस्पितळात ती कधी पाऊल टाकत नाही. घरी बसून लॅपटॉपवर बिलांचा अभ्यास करते. कुठल्या वॉर्डाचं बिल कमी येतं, कुठला खर्च लावायचा राहून जातो, कुठली विमा कंपनी पैसे अडवून बसते, असलं सगळं. याला डेटा अ‍ॅनालिटिक्स म्हणतात हे तिनं मला मध्यंतरी फार मायेनं समजावून सांगितलं, वर्गातल्या मठ्ठ पोराला समजावतात तसं. मी म्हटलं, बाई गं, हे मी नगरला तू जन्मायच्या आधी करून बसलेय. ती हसली. मला राग आला, आणि राग आला की मला गप्प बसवत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं. लिहिताना मात्र आठवत गेलं की यात मिरवण्यासारखं फारसं काही नाही.

नव्वदीच्या दशकाची मधली वर्षं होती. मी बी.कॉम. झाले होते, सावेडीला सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, आणि घरी बसून आईची बोलणी खात होते. माळीवाड्याच्या स्टँडपासून चालत दहा मिनिटांवर एक बाळंतपणाचं हॉस्पिटल होतं. वीसेक खाटा, खाली ओपीडी, वर वॉर्ड, मागे डॉक्टरबाईंचं घर. त्यांना सगळे मॅडम म्हणत. पाथर्डी, कर्जत, जामखेड, कुठून कुठून बाळंतिणी तिथं येत. मॅडमच्या भावानं मुंबईहून एक कॉम्प्युटर पाठवून दिला होता आणि तो चालवणारं माणूस हवं होतं. चालवणारं माणूस म्हणजे मी. पहिला पगार घेऊन घरी गेले तेव्हा आईची बोलणी थांबली.

कॉम्प्युटरला स्वतंत्र खोली नव्हती. बिलाच्या टेबलाशेजारी प्लायवुडचा आडोसा करून त्याला पडदा लावला होता, आणि पडद्याबाहेर चपला काढायच्या असा नियम होता. हा नियम कुणी केला ते कुणालाच माहीत नव्हतं, पण मॅडमसुद्धा चपला काढून आत यायच्या. दसऱ्याला वॉर्डातल्या मावशींनी मशीनची झेंडूनं एवढी दणक्यात पूजा केली की फ्लॉपीच्या फटीतून पुढे चार दिवस पाकळ्या निघत होत्या.

पडद्याच्या बाहेर, बिलाच्या टेबलावर, सगळे ज्यांना काका म्हणत ते हॉस्पिटलचे कारकून बसत. पन्नाशी कधीच ओलांडलेली, जाड भिंगांचा चष्मा, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. ते भिंगारहून सायकलवर यायचे. वडील लष्कराच्या कुठल्याशा डेपोत कामाला होते. काका शाळेत असताना घरानं बौद्ध धम्म स्वीकारला, आणि तेव्हापासून घरात उतारे, नवस, अंगारे-धुपारे बंद झाले, हे ते अभिमानानं सांगत. रविवारी ते विहारात मुलांना गणित शिकवायचे. हॉस्पिटल चार खाटांचं होतं तेव्हापासून ते मॅडमकडे होते, आणि निवृत्त व्हायला तीन वर्षं राहिली होती.

बिल कसं बनतं हे मला त्यांनीच शिकवलं. केसपेपर कसा वाचायचा, मॅडमच्या अक्षरातलं कुठलं औषध आणि कुठली नुसती रेघ हे कसं ओळखायचं, सिस्टरनं घाईत लावलेलं सलाइन कागदावर कसं शोधायचं. कोर्समध्ये मला हे काही शिकवलं नव्हतं. मी शंभरदा चुकायची आणि ते शंभरदा सांगायचे. उन्हाळ्यात ते येताना रुमालात बांधून जांभळं आणायचे, आणि मी जांभळ्या बोटांनी कीबोर्डला हात लावला की स्वतःच ओरडायचे. बाप लहानपणीच गेलेल्या मुलीला असं कुणी ओरडलं की बरं वाटतं.

मॅडमनी तेव्हा सोनोग्राफीच्या मशीनसाठी बँकेचं कर्ज काढलं होतं. हॉस्पिटल कायम भरलेलं, बायका जिन्यात बसलेल्या, आणि तरी हप्ता भरायच्या वेळी ओढाताण. मॅडमनी मला बोलावून सांगितलं की मागच्या दोन वर्षांची सगळी बिलं मशीनमध्ये घाल आणि पैसा कुठं गळतो ते मला काढून दे. पैसा सापडला नाही तर खाटेचं भाडं वाढवावं लागेल, आणि ते त्यांना नको होतं.

मी तीन महिने बिलं भरत होते. बाई कुठल्या तालुक्यातली, कधी दाखल झाली, कधी घरी गेली, साधं बाळंतपण की सिझेरियन, खाटेचे दिवस किती, औषधं किती, जमा किती. लाइट गेली की केलेलं काम जायचं, आणि नगरची लाइट मला विचारून जात नव्हती. काका पडद्याआड डोकं घालून विचारायचे, आज मशीन काय म्हणतंय. मी म्हणायची, ते तुमच्यासारखं मध्ये मध्ये बोलत नाही. त्यांना हे फार आवडायचं.

पहिली गळती महिन्याभरात सापडली. सिझेरियन असेल त्या दिवशी कापूस, गॉज आणि इंजेक्शनं बिलात कमी लागत होती, कारण धावपळीत सिस्टर कपाटातून काढायच्या आणि लिहायचं राहून जायचं. आम्ही ऑपरेशनच्या खोलीच्या दाराला दोरीनं एक पेन आणि छापील यादी बांधली. त्या महिन्यापासून फरक दिसला. मॅडमनी सगळ्यांदेखत माझं कौतुक केलं आणि मी हवेत गेले. चोवीस वर्षांच्या वयात हवेत जायला फार वारा लागत नाही.

मग मी खाटेच्या दिवसांकडे वळले. वॉर्डात सिस्टरची एक वही असायची. रोज सकाळी कुठल्या खाटेवर कोण, ते ती त्यात लिहायची. त्या वहीतले दिवस आणि काकांच्या बिलातले दिवस मी शेजारी शेजारी मांडले, तर काही बिलांत एक दिवस कमी. बाई वहीप्रमाणे पाच दिवस राहिली, बिल चारच दिवसांचं. सगळी बिलं अशी नव्हती. महिन्यातून एकदाच चार-पाच बिलं एका झुबक्यात यायची, आणि मग महिनाभर जवळजवळ काही नाही. शिवाय तो झुबका दर महिन्याला एखाद दिवस मागे सरकत होता. या महिन्यात वीस तारखेच्या आसपास, तर पुढच्या महिन्यात एकोणीसच्या.

मी खूप डोकं चालवलं. शिपायाबरोबर आणि मावशींबरोबर काकांची भिशी होती, दर महिन्याला पैसे भरायचे. भिशीची तारीख एक आणि झुबक्याची दुसरी, ते जुळत नव्हतं, पण मला जुळवायचंच होतं. एका दिवसाचे पैसे पेशंटकडून हातात घ्यायचे, बिलात लावायचे नाहीत, आणि भिशीत टाकायचे. माझ्या डोक्यात ही गोष्ट तयार झाली, आणि एकदा तयार झाल्यावर मला ती फारच हुशारीची वाटू लागली. काका माझ्यापासून दोन हातांवर बसले होते. बाहेर एका बाळाच्या आजोबांना बिल समजावून सांगत होते. मी उठले, त्यांच्या पाठीमागून गेले आणि मॅडमच्या खोलीत जाऊन कागद ठेवला.

मॅडमनी पुष्कळ वेळ कागद पाहिला. मग विचारलं, "तुला काय वाटतं?"

"काका त्या दिवसाचे पैसे बाजूला ठेवत असावेत," मी म्हटलं.

हे वाक्य मी म्हटलं. दुसऱ्या कुणी माझ्या तोंडात घातलेलं नाही.

मॅडमनी काकांना बोलावलं. मी कोपऱ्यात उभी होते. प्रिंटरचा तो लांबलचक, कडेला भोकं असलेला कागद काकांनी हातात धरला आणि शेवटपर्यंत वाचला, एकही ओळ न गाळता, जसे ते केसपेपर वाचत. मॅडमनी विचारलं की हे दिवस कमी का आहेत. काकांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"तुमाला ठाऊक न्हाई व्हय?" ते म्हणाले.

मॅडम म्हणाल्या, मला काय ठाऊक असणार. काकांनी कागदाची घडी जशी होती तशी घातली. खिशातून गल्ल्याची किल्ली काढून टेबलावर ठेवली, आणि मॅडमना नमस्कार करून निघाले. पायऱ्यांवरून त्यांच्या चपलांचा आवाज आला, मग सायकलच्या स्टँडचा. मला वाटलं, चोरी पकडली गेली की माणूस असाच गप्प होतो.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. बिलाच्या टेबलावर मला बसावं लागलं. सकाळी मी तीन बिलं चुकवली आणि एका माणसानं मला सुनावलं. दुपारी जामखेडच्या पलीकडची एक म्हातारी आली, डोक्यावरून पदर, हातात पिशवी. तिच्या मुलीचं बाळंतपण झालं होतं, पहिलंच, म्हणून माहेरानं नगरला आणलेली. मॅडमनी उद्या घरी जायला सांगितलं होतं. म्हातारी म्हणाली की उद्या न्यायची नाही, परवा नेऊ. मी कपाळाला आठ्या घालून म्हटलं की मग एका दिवसाचं खाटभाडं वाढेल. तिला ते खरंच वाटेना.

"उद्या आवस हाय की, बाई," ती म्हणाली. "आवसंचं तुमच्यात घेत न्हाईत. थोरलीच्या वक्ताला त्या चष्म्यावाल्या भावानं घेतलं नव्हतं. म्हून तर बीड जवळ असून हितं आलोत."

मी तिला बसायला सांगितलं आणि पडद्याआड गेले. भिंतीवर कॅलेंडर होतं, मागच्या वर्षांची त्याच्याच खाली खिळ्याला अडकवलेली. माझी आई अमावास्येला नवा ब्लाऊज शिवायला टाकत नाही. मी नोकरीवर हजर कधी व्हायचं तेसुद्धा तिनं अमावास्या टाळून ठरवलं होतं. त्या घरात वाढलेली मी, आणि तीन महिने मी फक्त इंग्रजी तारखा पाहत होते, कारण मशीनला तेवढंच कळत होतं. मी बोटानं एकेक झुबका कॅलेंडरवर लावत गेले. अमावास्या, अमावास्या, अमावास्या. दोन बिलं तेवढी जुळली नाहीत. त्या काकांच्या साध्या बेरजेच्या चुका होत्या, आणि त्यांतल्या एकीत हॉस्पिटलचाच फायदा झाला होता.

मग मी आणखी एक केलं, जे आधी करायला हवं होतं. कुठल्या तालुक्यातून किती बायका आल्या ते काढलं. जामखेडच्या बाजूची नावं दोन वर्षांत वाढतच गेली होती, आणि कितीतरी घरांची आडनावं पुन्हा पुन्हा येत होती. बहिणी, जावा, नणंदा. त्या एका दिवसाचं भाडं सुटत होतं, पण त्याच दिवसाच्या भरवशावर पुढचं बाळंतपण आमच्याकडे येत होतं. ज्याला मी गळती म्हणत होते, त्यावर हॉस्पिटल भरत होतं.

मी मॅडमकडे गेले. ओपीडी चालू असताना आत घुसले, आणि जेवढं सुचलं तेवढं एका दमात सांगितलं. मॅडम चिडल्या. "आयजीच्या जिवावर बायजी उदार. कुणी सांगितलं होतं त्यांना हे..." आणि तिथंच थांबल्या. समोर बसलेल्या पेशंटला त्यांनी बाहेर थांबायला सांगितलं. खुर्चीत मागे टेकल्या आणि म्हणाल्या, "मीच सांगितलं होतं."

हॉस्पिटल चार खाटांचं असतानाची गोष्ट. पाथर्डीकडची एक बाळंतीण दुसऱ्याच दिवशी घरच्यांनी उचलून नेली. मॅडम नको म्हणत होत्या. पण पुढचा दिवस अमावास्येचा होता, त्या दिवशी ते तिला हलवणार नव्हते, आणि थांबलं तर दोन दिवसांचं भाडं पडणार होतं. तेवढे पैसे त्यांच्याकडे नव्हते. वाटेत जीपमध्ये तिला रक्तस्राव सुरू झाला आणि जीप उलटी फिरली. बाई वाचली, पण कशी वाचली ते मॅडमनाच माहीत. त्या संध्याकाळी त्यांनी काकांना सांगितलं की यापुढे जी बाई अमावास्येमुळे थांबेल तिच्याकडून त्या दिवसाचं भाडं घ्यायचं नाही, म्हणजे भाड्याच्या भीतीनं कुणी आदल्या दिवशी पळणार नाही. मग खाटा वाढल्या, मजला चढला, कर्ज आलं. मॅडम विसरल्या. काका विसरले नाहीत. त्यांना वाटत होतं, मॅडमना ठाऊक आहे.

मॅडमनी ओपीडी तशीच सोडली. ही गोष्ट मी त्यांच्या हाताखाली काम केलं त्या सगळ्या वर्षांत एकदाच घडली. आम्ही दोघी रिक्षानं भिंगारला गेलो. काका घराच्या पायरीवर सायकलचं चाक उघडून बसले होते. हात काळे होते म्हणून त्यांनी नुसती मान लववली. काकूंनी चहा टाकला, शेव-चिवड्याच्या बश्या आणल्या. मॅडमनी काकूंसमोरच माफी मागितली, आडपडदा न ठेवता. काका म्हणाले की माणूस विसरतं, तुमच्यामागं व्याप केवढा. त्यांनी ते मनापासून म्हटलं हे दिसत होतं. मॅडमवर त्यांचा राग नव्हताच.

माफी मलाही मागायची होती. शेवटी बोलले ते भलतंच बोलले. म्हटलं, काका, तुम्ही तर अमावास्या मानत नाही.

"म्या कशाला मानू?" ते म्हणाले. "मी त्या समद्या म्हाताऱ्यांना सांगतो, आवस-बिवस काय नसतं, न्या पोरीला घरी. दोन-चार जणींनी ऐकलं बी. बाकीच्यांना भ्या वाटतं, तर वाटतं. आता भ्याचं भाडं कसं लावायचं?" चाकातला चिखल त्यांनी चिंधीनं पुसला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "एवढं समदं त्या मशीनला इचारलंस, पोरी. मी तर तुझ्या शेजारीच बसत हुतो."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी ते कामावर आले. मॅडमनी किल्ली पुढे केली. काकांनी ती घेतली आणि माझ्या टेबलावर आणून ठेवली. आजपासून गल्ला तू सांभाळ, म्हणाले, मी बिलं लिहीन. मला वाटलं चार दिवसांत राग उतरेल. मी रोज सकाळी किल्ली त्यांच्यासमोर ठेवायची, आणि ते ती पेन्सिलीच्या टोकानं माझ्याकडे सरकवायचे. बाकी काही बदललं नाही. जांभळं आली, ओरडणं आलं, मशीन काय म्हणतंय हेसुद्धा आलं. मॅडमच्या सांगण्यावरून मी प्रोग्राममध्ये एक नवा रकाना केला, आणि दर वर्षी नवं कॅलेंडर आलं की काका शेजारी बसून एकेक अमावास्या वाचायचे, मी मशीनला शिकवायची. अधिक महिना असला की तेरा. खाटेचं भाडं वाढवावं लागलं नाही, आणि सोनोग्राफीचे हप्ते गॉज-कापसाच्या त्या यादीच्या आधारानं कसेबसे फिटत गेले. पण पैशाला काकांनी पुन्हा हात लावला नाही. एखाद्या पेशंटनं नोटा पुढे केल्या की ते दोन्ही हात टेबलाखाली घेत आणि मानेनं माझ्याकडे दाखवत. अशी तीन वर्षं गेली.

ते निवृत्त झाले त्या दिवशी ओपीडीतली बाकं हलवून आम्ही छोटासा समारंभ केला. मॅडम चार शब्द बोलल्या. सिस्टरनं शाल दिली. काकूंना मावशींनी ओटी भरण्याऐवजी पुस्तकं दिली, कारण काका रागावतील अशी त्यांना भीती होती. काकांच्या इतक्या वर्षांच्या नोकरीचे पैसे मॅडमनी रोख द्यायचे ठरवले होते, आणि गल्ला माझ्याकडे असल्यानं ते मीच मोजून पाकिटात घातले होते. तीनदा मोजले होते.

सगळे पांगल्यावर मी पाकीट त्यांच्या हातात दिलं. पगार मॅडम स्वतः द्यायच्या; गल्ल्यातले, माझ्या हातून त्यांनी घेतलेले तीन वर्षांतले हे पहिले पैसे. पाकीट जाड होतं आणि चिकटवलेलं नव्हतं. मी म्हटलं, काका, माझ्यासमोर मोजून घ्या.

त्यांनी ते न उघडता आतल्या खिशात घातलं आणि वरून बटण लावलं.

"तू मोजलंस न्हवं?" ते म्हणाले. "मग झालं."

आणि सायकलची किल्ली कुठं ठेवली ते शोधायला लागले. मी गल्ल्याशी उभी राहून रडत होते. सिस्टरनं येऊन विचारलं की काय झालं, पैसे कमी पडले का. मी मान हलवली आणि गल्ल्याला कुलूप लावलं.